भिंतीवरचा लाल ठिपका

११ जानेवारी

नववीची गणिताची वही अर्धी कोरी पडली होती. फेकाले जीव झाला नाही. आजपासून इच्यातच लिहीन. शाळा सोडून सव्वा वर्ष झालं. माणसाशी बोलाची मले लाज वाटते, वहीशी नाही वाटत.

आज भुरीचं प्लास्टर निघालं. भुरी म्हंजे आमची मांजर, चुलीतल्या राखेच्या रंगाची. डिसेंबरात छपराच्या टिनावरून पडली आन मागचा डावा पाय मोडला. अकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात बाबाच घेऊन गेले होते, तेवढं खरं सांगाले पायजे. डॉक्टर म्हनले, हाड जुडलं, आता हिले चालवा, नाही तं पाय वाळून जाईन. चालवा म्हंजे कसं? ते काय बैल हाय, कासरा धरून चालवाले? घरी आनली तं पोत्यावर जाऊन बसली, ते बसलीच.

बाबा म्हने, "हरभरा घरात याच्या आंधी हे उंदराच्या मांगं लागली पायजे. बसून खानारं मांजर मले नाही पायजे."

आंधीचा बोका असाच म्हातारा झाला तं बाबानं त्याले पोत्यात घालून अकोटच्या बाजारात सोडून दिलं. भुरी तं बाजारात एक दिवसबी टिकनार नाही. हरभरा सोंगाले अजून महिना हाय.

१३ जानेवारी

दोरीले चिंधी बांधून ओढली. भुरीनं फक्त मान फिरवली. मंग मी कापसाचा उंदीर शिवला. बाबाच्या जुन्या धोतराचा तुकडा, त्यात यंदाच्या वेचनीचा कापूस, शेपटी सुतळीची. लय झाक झाला. भुरीनं हुंगला आन झोपली.

शिवताना आई म्हने, "काय वो, सुई हातात धरतं का नाकात?"

नितेशदादाले फोन केला. दादा अमरावतीले राहते, भरतीच्या परीक्षेचा क्लास लावला त्यानं. म्हने, "लेसर आन. ठिपक्याच्या मांगं मांजर पागल होते. पन थांब, तू काही बी घेशीन. मी संक्रांतीले येतो तं मीच आनतो."

१५ जानेवारी

दादा काल आला, आज गेला. लेसर आनला, पेनासारखा. त्याच्यावर पिवळा कागद चिकटवला हाय, तो त्यानं वाचून दाखवला. लाल उजेड, क्लास दोन, एक मिलिवॅटच्या आत.

मी म्हनलं, "म्हंजे?"

"म्हंजे चुकून डोळ्यात गेला तं पापनी मिटते तेवढ्यात काही होत नाही. जास्तीचा असला तं पापनी मिटाच्या आंधीच काम होते. दुकानात लय प्रकार होते. ज्याच्यावर कागद नाही त्याले मी हातच लावला नाही." मंग म्हने, "तरीबी भुरीच्या तोंडावर मारू नको. जमिनीवरच फिरव."

जाताना एस.टी.त चढता चढता म्हने, "आचल, सतरा नंबरचा फॉर्म भर ना. घरी बसून दहावीची परीक्षा देता येते." मी म्हनलं, "गाडी सुटून राहिली तुही."

१६ जानेवारी

लेसर काही कामाचा नाही.

तळहातावर मारला तं मस्त लाल दिसते. पायाजवळबी दिसते. पन ओट्याच्या त्या टोकाले, पान्याच्या टाक्याच्या भिंतीवर मारला तं काहीच नाही. उजेड पोचतच नाही तिथंलोक. एक मिलिवॅट म्हंजे लय कमी असन.

भुरीबी येडीच हाय. मी लेसर भिंतीकडं धरला होता तं हे पोत्यावरून उतरली, लंगडत लंगडत भिंतीपाशी गेली आन भिंतीले पंजा मारला. भिंतीवर काहीच नव्हतं. मुंगी असन.

१८ जानेवारी

गावातल्या दुकानातून नवे सेल आनून टाकले. तसंच. भुरी आजबी भिंतीकडं पाहत बसली. मले दिसतच नाही तं मी ठिपका फिरवू कसा? बंद केला.

दादाचा फोन आला. "भुरी पयते का?"

"हाव."

"दिवसा ठिपका दिसते ना नीट?"

"हाव."

एवढ्या हौसेनं आनला त्यानं. खराब निघाला म्हनून कसं सांगू?

ओट्यावर बसली होती तं रस्त्यानं एक पोरगी सायकलवर गेली. घंटी वाजवली. मले का दुसऱ्या कोनाले, समजलं नाही. मी घरात गेली.

१९ जानेवारी

दादाचं फॉर्मचं डोक्यातून जाऊन नाही राहिलं. त्याले कसं सांगू की मले अभ्यास जमत नाही. बाकीच्या पोरींचं डोकं तेज. सर फळ्यावर खडू फिरवत, मले फक्त पांढरं पांढरं हालताना दिसे, आन पोरी धडाधड लिहून मोकळ्या. त्याईले सरचं ऐकूनच समजत असन. मी उंच, म्हनून मागच्या बाकावर. बाजूले मोनाली. तिच्या वहीतून मी उतरवो. ते बिचारी वही माह्याकडं सरकवे.

सहामाहीले गणिताचे दोन प्रश्न छापाचे राहिले होते, ते सरनं फळ्यावर लिहिले. मी मोनालीच्या पेपरातून प्रश्न पाहून घेतले. प्रश्नच, उत्तर नाही. सरनं मले वर्गासमोर उभं केलं. म्हने, उंची वाढली, अक्कल नाही वाढली, नक्कल तेवढी येते. सारे हासले. मोनालीबी हासली का, ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेली नाही. बाबा दोनदा म्हनले, जाय म्हनून, मंग त्याईनंच सांगून टाकलं, "हिले शाळेची गोडी नाही." मीबी तेच सांगतो साऱ्याईले.

२१ जानेवारी

बाबासंगं मेथी घेऊन अकोटले गेली. बाबा हिशेबाले बसले तवा मी स्टँडजवळच्या मोबाईलच्या गाड्यापाशी गेली. लेसर मांगाले पाच मिनिटं लागले, तोंडच उघडत नव्हतं.

गाड्यावरचा म्हने, "ताई, हा घ्या. दोन किलोमीटर जाते. वरातीत ढगावर मारा!"

मी म्हनलं, "मांजरीसाठी पायजे."

तो म्हने, "मांजर किती किलोमीटर दूर हाय तुमची?" बाजूचे दोघं हासले. मी उलटून पायलं तं त्याच्यावर कागद नव्हता. म्हनलं, कागद कुठं हाय? तो म्हने, "कागद पायजे तं तहसीलात जा ना ताई." मी पयाली.

२४ जानेवारी

उपाय घरातच होता आन मले सुचला नाही.

बाबाचा हिरवा लेसर! रोही आन रानडुकरं येते ना हरभऱ्यात, त्याईच्यासाठी आमच्याकडं सारेच ठेवते. रोही नुसता उजेड पाहून कोसभर पयते. दिवसा तो खुंटीलेच असते. आज दुपारी बाबा वावरात गेले तवा काढला.

काय सांगू! टाक्याच्या भिंतीवर पडला तं ठिपका कायचा, वाटीएवढा हिरवा गोळा. मले इथून चकचक दिसते. भुरी उठली. चार पाय टेकवून उठली! भिंतीलोक गेली, वापस आली, परत गेली. डावा पाय थोडा ओढते, पन टेकते.

त्याच्यावरबी कागद नाही. पन बाबाचा हाय, बाजारातला नाही.

२७ जानेवारी

भुरी आज ओट्याच्या सात चकरा पयाली. आई भांडे घासून राहिली होती, तिले हासू आलं. म्हने, "तुह्या बाबाले दाखव, म्हना चालते मांजर." मंग डोळ्यावर पदर धरला. "पन बाई, लय तिखट हाय वो हा उजेड. माहे डोये इथून दुखून राहिले."

मले तं बेस दिसते. आईचे डोळे आता म्हातारे होऊन राहिले.

३० जानेवारी

आज लिहू वाटत नाही. पन कोनाले सांगू?

आईनं घासलेली परात भिंतीले उभी करून ठेवली होती. मले ते दिसलीच नाही, उन्हात सारं एकच पांढरं दिसे. हिरवा गोळा फिरवता फिरवता परातीवर गेला. एकदम हिरवी सुई डोळ्यात घुसल्यावानी झालं. मी लेसर टाकून देल्ला. भुरी परातीसमोरच होती. ते ओरडली नाही, फक्त मांगं सरकली आन पोत्याखाली घुसली.

मले आता जिकडं पाहावं तिकडं हिरवा डाग दिसून राहिला. माह्या डोळ्याचं काही नाही. भुरीचं काय झालं असन?

३१ जानेवारी

माहा डाग गेला. भुरीचा उजवा डोळा मिटलेला हाय, पानी गळते. भाकर-दूध खाल्लं नाही. मी तिच्या तोंडासमोर हात हालवला तरीबी ते पायत नाही.

पाय नीट कराले गेली आन डोळा घालवला. लेसर पुसून खुंटीले अडकवला.

२ फेब्रुवारी

बाबा जेवताना म्हने, "मांजर परत बसलं वाटते. दहा दिवसात हरभरा येते. मी तं म्हन्तो..."

आई म्हने, "जेवा ना आंधी."

सांगतलं तं आंधळी मांजर म्हनून आजच पोत्यात जाईन. नाही सांगतलं तं डोळा जाईन. वहीत हे दोन ओळी लिहिल्या आन किती वेळ पाहत बसली.

३ फेब्रुवारी

सांगून टाकलं. आईले सांगाले गेली तं तिच्या मांगं बाबा उभे, मले ते दिसलेच नाही. सारं ऐकलं त्याईनं. मी म्हनलं, आता कानाखाली बसते.

बाबानं खुंटीचा लेसर काढला. हातावर तोलला. झाकन उघडून सेल काढले आन खिशात टाकले. मंग म्हने, "आपन हे तीन साल झाले रोह्याच्या डोयात मारून राहिलो. ते काहून पयते, आज समजलं मले."

भुरीची मान धरून डोळा पायला. आईले म्हने, "टोपलीत जुनं लुगडं टाक. उद्या अकोल्याले मोठ्या दवाखान्यात नेतो."

आई म्हने, "मांजरीले अकोल्याले?"

"मंग काय भोंग्यानं बोलवू डॉक्टरले इथं?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लय लिहाचं हाय. हात दुखन पन लिहीन.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. टोपली बाबानं मांडीवर घेतली. कंडक्टर म्हने, "काका, कोंबडी हाय का?" बाबा म्हने, "पोरगी हाय." सारी गाडी हासली. भुरी आतून ओरडली तं अजून हासली.

जनावरांच्या दवाखान्यात बाईडॉक्टर होत्या. त्याईनं भुरीच्या डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळ्या बॅटरीनं पायलं आन चिमट्यानं बारीक काहीतरी काढलं. कुटार! बैलाच्या चाऱ्याच्या भुश्यातलं कूस. पोत्याखाली घुसली तवाच गेलं असन. बुब्बुळावर ओरखडा हाय, थेंब टाकले तं आठ दिवसात बरा. लेसरनं काही झालं नाही.

मले रडू आलं. मॅडमले वाटलं मी भेली. त्याईनं मले बाजूले बसवून नीट समजावलं. "लेसर वाईट नसतो गं. लाल घे, कमी ताकदीचा, त्याच्यावर लिहिलेला. कागद नसलेला हिरवा म्हणजे काय आहे आत, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तोंडावर, भांड्यावर, आरशावर मारायचा नाही. पाच मिनिटं पुरे. आणि एक लक्षात ठेव, उजेड काही मांजरीच्या पंज्यात सापडत नाही. नुसतीच पळवत राहिलीस तर ती खचते. शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या वस्तूवर थांबव, तिला धरू दे."

मी म्हनलं, "माह्याजवळ कापसाचा उंदीर हाय. आन लाल लेसरबी हाय, पन तो दूर पोचत नाही."

"किती दूर?"

"ओट्याच्या त्या टोकालोक बी नाही."

मॅडमनं माह्याकडं पायलं. मंग दाराच्या वर कॅलेंडर होतं, म्हने, "ते कोणता महिना दाखवतं?"

मी म्हनलं, "फेब्रुवारी."

"वाचून सांगितलंस का माहीत आहे म्हणून?"

मी टोपली जवळ ओढली. मॅडमनं बाबाले इचारलं, लेसर हिच्या डोळ्यात गेला होता का. मी म्हनलं, थोडासा. बाबाचं तोंड उतरलं. मॅडमनं चिठ्ठीवर माणसाच्या डोळ्याच्या डॉक्टरचं नाव लिहून देल्लं.

तिथं एका खुर्चीवर बसवलं. डॉक्टर म्हनले, "समोरच्या पाटीवरचं वाच."

"कोनती पाटी?"

"ती उजेडाची."

"उजेड दिसते."

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर?"

मी अंदाजानं 'क' म्हनलं. बाबा स्टुलावरून उठले. "डॉक्टरसाहेब, त्या लेसरनं गेले का हिचे डोये? मीच आनला होता तो."

मले बाबाची कीव आली. म्हनलं, "नाही बाबा, लेसरनं नाही. मले तं पयलेपासूनच असं दिसते. साऱ्याईले दिसते तसंच."

डॉक्टरचा हात थांबला. मंग डॉक्टरनं माह्या नाकावर लोखंडी चष्मा ठेवला आन त्यात एकेक काच टाकत गेले. हे बरं का ते बरं? हे बरं का ते? आन एका काचेले पाटीवर अक्षरं आली. 'ग' होता, 'क' नव्हता. खाली अजून पाच ओळी होत्या. मी साऱ्या वाचल्या, कोनी नाही म्हनलं तरी वाचल्या. पंख्याच्या पात्यावर धूळ दिसली. बाबा दारापाशी जाऊन उभे होते, तिथून त्याईचं तोंड दिसलं. डोळे लाल झाले होते. सकाळी लवकर उठलो, झोप नसन झाली.

मंग थेंब टाकून आतून पायलं. लेसरची जखम नाही. नंबर मात्र साडेपाचचा, दोन्ही डोळ्याले. डॉक्टर बाबाले म्हनले, "शाळेत कोणाच्या लक्षात आलं नाही?" मी मधातच म्हनलं, "माही शाळा सुटली, मले गोडी नव्हती." बाबा म्हने, "चाल, गाडी चुकन."

५ फेब्रुवारी

चष्मा अकोटच्या दुकानातून शनिवारी भेटन. आई काल ऐकून पदर तोंडाले लावून रडली. चष्मा लागला म्हनून सोयरिकीचं टेन्शन असन. मी म्हनलं, आजकाल साऱ्या पोरी लावते. तं अजूनच रडली.

बाबानं अकोटहून उंदराचा पिंजरा आनला. म्हने, "उंदराचं मी पायतो. तू तिले आरामानं चालव. कुठं जात नाही ते."

मी इचारलं, "आन हरभरा आला तं?"

"येऊ दे ना. हरभरा काय मांजरीचा पाय पाहून येते?"

दोन दिवसापासून माह्याशी गोड बोलून राहिले. काहून काय मालूम.

८ फेब्रुवारी

चष्मा आला. कडुलिंबाले एकेक पान असते. म्हंजे माहीत होतं, पन इतक्या दुरून असते हे माहीत नव्हतं. येताना एस.टी.त बाबानं खिडकीतून पाटी दाखवली. "वाच." मी वाचली. "ते." वाचली. अकोट ते घर, एकबी पाटी सोडली नाही. बाबाले स्वतःले वाचता येते की. तरी मलेच इचारत होते.

घरी येऊन ही वही पयल्या पानापासून चाळली. सारी गणितं मोनालीच्या वहीतून उतरवलेली. तिचा बारका कोपऱ्यातला स्वस्तिकबी मी उतरवला होता, गणिताचाच भाग समजून.

१२ फेब्रुवारी

भुरीचा डोळा उघडला. मॅडमनं फोनवर सांगतलं, आता खेळवा.

दुपारी ओट्यावर बसली. दादाचा लाल लेसर काढला, पिवळा कागद स्वतः वाचला. पयले भांडे आत नेऊन ठेवले. मंग टाक्याच्या भिंतीच्या बुडाशी धरून बटन दाबलं.

तिथं होता. मुगाएवढा, लाल. जानेवारीतबी तिथंच असन. भुरी त्यालेच पंजा मारत होती आन मी तिले येडी म्हनलं. भुरी, माफ कर.

ठिपका हळूहळू सरकवला, भुरी मांगं मांगं. डावा पाय टेकवते. तेवढ्यात रस्त्यावर सायकल दिसली. चेहराबी दिसला. कपाळावर टिकली, एका वेणीची रिबिन सुटलेली. ते माह्याकडं न पाहताच जाऊन राहिली होती. घंटीबी वाजवली नाही आज.

लाज वाटली. पन हाक मारली. "मोनाली!"

सायकल करकन थांबली. ते मांगं पाहते, परत माह्याकडं पाहते. "मले आवाज देल्ला का?"

"हाव."

"बाप रे! साल झालं या रस्त्यानं जाऊन राहिली मी. घंटी वाजवू वाजवू थकली. लय भाव खाल्ला तुनं. आज दिसली का मी तुले?"

मी म्हनलं, "हाव. आजच दिसली."

ते हासनार होती. मंग चष्म्याकडं पायलं आन हासली नाही. सायकल भिंतीले टेकवली, फाटक उघडून आत आली आन माह्या बाजूले बसली, बाकावर बसे तशी. म्हने, "त्या दिवशी वर्गात मी हासली नव्हती हं. तू माह्याकडं पायलं होतं ना? मी मुंडी हालवून सांगत होती, रडू नको म्हनून."

मी म्हनलं, "नववीचं गणिताचं पुस्तक हाय का तुह्याजवळ?"

"हाय ना. कायले?"

"सतरा नंबरच्या फॉर्मच्या आंधी मले गणित पयल्यापासून कराचं हाय."

भुरी मधातच ओरडली. बोलता बोलता माहं बटन सुटलं होतं आन ते भिंतीपाशी बसून ठिपक्याची वाट पाहत होती. मॅडमनं सांगतलेलं आठवलं. मी परत दाबला, ठिपका ओट्यावरून आनत आनत कापसाच्या उंदरावर थांबवला. भुरी दबली, मांगचा भाग हालवला आन उडी मारली. दोन्ही पायावर.

उंदीर तोंडात धरून ते पोत्यावर जाऊन बसली. मोनाली म्हने, "मारला वो हिनं!" मी लेसर बंद केला.